बहिणीच्या पेशी, परक्याची आठवण

पत्र

डॉक्टर, माझा पाठचा भाऊ 24 वर्षांचा आहे. ल्युकेमियासाठी तीन महिन्यांपूर्वी त्याचं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं. दाता मी होते, जुळणी पूर्ण होती. पाचव्या आठवड्यात त्याच्या अंगावर पुरळ उठलं. माझ्या पेशी त्याच्या त्वचेवर हल्ला करताहेत, असं सांगून स्टेरॉइड सुरू केलं. मग रक्तात सीएमव्ही नावाचा विषाणू दिसू लागला. गॅनसायक्लोव्हिर या औषधाने विषाणूचा आकडा उतरला, पण पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या की ते थांबवावं लागलं. आकडा पुन्हा चढला. फोसकार्नेट हे दुसरं औषध दिलं तर क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर ताण आला. आता डॉक्टर म्हणतात, सीएमव्हीला ओळखणाऱ्या टी पेशी देऊ. पण त्या माझ्या नाहीत, साठवून ठेवलेल्या कुणा अनोळखी दात्याच्या, भावाशी अर्ध्याच जुळणाऱ्या. कारण माझी सीएमव्हीची चाचणी निगेटिव्ह होती. आई म्हणते, सख्ख्या बहिणीचं सोडून परक्याचं कशाला? मला झोप येत नाही. पूर्ण जुळणाऱ्या माझ्या पेशींनी त्याला एवढा त्रास दिला, मग अर्ध्या जुळणाऱ्या काय करतील? माझ्या पेशी हा विषाणू ओळखत नाहीत म्हणून हे झालं का? मी आता मुद्दाम लागण करून घेतली तर माझ्या पेशी चालतील का? आणि हे सगळं त्याला सांगू का?
– एक मोठी बहीण

उत्तर

ताई, आधी तुमच्या मुद्दाम लागण करून घेण्याच्या विचाराबद्दल बोलते, कारण त्याला उशीर नको. तसं काहीही करू नका. नव्याने लागण झालेल्या माणसाच्या रक्तातच विषाणू फिरत असतो, त्यामुळे अशा वेळी तुमचं रक्त कुणी घेणारच नाही. कामाला येईल अशी स्मृती तयार व्हायला पुढे बरेच आठवडे जातात आणि तेवढा वेळ तुमच्या भावाकडे नाही. शिवाय लाळेतून, लघवीतून विषाणू बाहेर टाकत तुम्ही अशा वॉर्डात ये-जा कराल, जिथे त्याच्यासारखेच आणखी रुग्ण आहेत. हा विचार मनात आला यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी बरीच वर्षं प्रत्यारोपणाच्या वॉर्डात काम केलं. हाच प्रश्न तिथे एका आईने मला दार लावून विचारला होता. तिलाही मी हेच सांगितलं होतं.

आता तुमच्या झोपेचा प्रश्न. माझ्यामुळे झालं का? नुसतं ‘नाही’ म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. तुम्ही फाईल वाचणाऱ्या आहात, उद्या कुठेतरी खरं वाचाल आणि मग माझ्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास जाईल.

सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या अंगात तो असतो आणि एकदा शिरला की जन्मभर जात नाही. ज्याची प्रतिकारशक्ती धड आहे त्याला कळतही नाही, कारण टी पेशी, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, त्याला दाबून ठेवतात. ही राखण शरीराला बरीच महागात पडते. सीएमव्ही असलेल्या माणसाच्या रक्तातल्या स्मृती टी पेशींपैकी सुमारे 10 टक्के या एकाच विषाणूवर नजर ठेवण्यात गुंतलेल्या असतात. तुमच्या भावाकडेही अशी पलटण होती. प्रत्यारोपणाआधीच्या केमोथेरपीत कर्करोगाबरोबर तीही नाहीशी झाली. विषाणू मात्र आतच राहिला. त्यानंतर तुमच्या पेशी आल्या. त्या निरोगी, तरण्याताठ्या, पण या विषाणूशी त्यांची कधी गाठच पडली नव्हती. त्यात पुरळासाठी स्टेरॉइड द्यावं लागलं, आणि स्टेरॉइडचं कामच मुळी टी पेशींना गप्प करणं.

म्हणून ‘रुग्ण पॉझिटिव्ह, दाता निगेटिव्ह’ ही जोडी बोन मॅरो प्रत्यारोपणात सीएमव्हीच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड मानली जाते. (किडनीच्या प्रत्यारोपणात नेमकं उलटं असतं, तिथे पॉझिटिव्ह दाता आणि निगेटिव्ह रुग्ण ही अवघड जोडी. घरात कुणी किडनीवाल्यांचे अनुभव सांगत असेल तर हा फरक ध्यानात ठेवा.) तर हो, तुमच्या पेशींचं अनोळखीपण या गोष्टीचा एक भाग आहे. पण यात तुमची चूक कुठे आहे? तुम्हाला एक संसर्ग झाला नाही, एवढंच. एकाच घरात वाढलेल्या भावंडांत एकाला लागण होते आणि दुसऱ्याला नाही, हे नेहमीचंच आहे. आणि दाता ठरवला त्या दिवशी ही गोष्ट डॉक्टरांच्या समोर कागदावर होती. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी व्हायची शक्यता चारात एक असते. तशी मिळाल्यावर सीएमव्हीसाठी ती सोडायची नसते. मी तिथे असते तर मीही तुमचंच नाव लिहिलं असतं. ल्युकेमियावरचा उपाय तुम्ही दिलात. विषाणू ही त्या वाटेवरची नंतरची अडचण आहे.

आईंच्या प्रश्नाला मात्र जरा सावकाश उत्तर द्यायला हवं, कारण तो वाटतो त्याहून खोल आहे. रक्ताच्या नात्याचं सोडून परक्याचं कशाला?

कारण या वेळी आपण रक्त मागत नाही, आठवण मागतो आहोत. टी पेशीला विषाणूची ओळख जन्मतः नसते, ती लागण होऊन कमवावी लागते. त्या अनोळखी दात्याला कधीतरी सीएमव्ही झाला, त्याच्या शरीराने तो आटोक्यात आणला आणि ते कसब त्याच्या काही पेशींत राहिलं. ते तुमच्याकडे नाही, म्हणून तुम्ही कितीही जवळच्या असलात तरी देऊ शकत नाही. कोऱ्या पेशींना प्रयोगशाळेत नव्याने शिकवता येतं, हे संशोधकांनी दाखवलं आहे. पण ते काम जास्त वेळखाऊ आणि अवघड आहे. दात्याच्या पेशी आधीच तयार करून गोठवून ठेवलेल्या असतात आणि काही दिवसांत पलंगाशी येऊ शकतात. चढत्या आकड्याच्या रुग्णाला हे काही दिवस फार मोलाचे असतात.

या उपचाराची सुरुवातही आपल्याच माणसाच्या पेशींपासून झाली. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात स्टॅन्ली रिडेल आणि फिलिप ग्रीनबर्ग यांच्या गटाने 1992 साली दाखवलं, की मॅरो देणाऱ्याच्याच सीएमव्ही ओळखणाऱ्या टी पेशी वाढवून रुग्णाला देता येतात. 1995 साली त्यांनी 14 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी एकाच्याही रक्तात विषाणू उसळला नाही. साधारण त्याच काळात सीएमव्हीच्याच कुळातल्या एप्स्टाइन-बार विषाणूमुळे प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या लिम्फोमावरही (लसिका पेशींच्या कर्करोगावरही) असंच काम चाललं होतं. न्यूयॉर्कमध्ये 1994 साली अशा 5 रुग्णांना दात्याच्या न निवडलेल्या पांढऱ्या पेशी सरसकट दिल्या आणि पाचही जणांच्या गाठी विरघळल्या. पण सरसकट पेशींबरोबर तुमच्या भावाच्या अंगावर उठलं तसलं दुखणंही येऊ शकतं. म्हणून पुढची सगळी वर्षं हवी ती पेशी वेचून घेण्याच्या खटपटीत गेली.

तुमची भीती नेमकी याच ठिकाणी आहे. पूर्ण जुळणाऱ्यांनी त्रास दिला, मग अर्ध्या जुळणाऱ्या काय करतील?

तुमच्या मॅरोबरोबर ज्या टी पेशी गेल्या त्या निवडलेल्या नव्हत्या. त्यांत लाखो तऱ्हेच्या पेशी होत्या, पुष्कळशा कोऱ्या, अजून कशालाच न भेटलेल्या. अशा कोऱ्या पेशींपैकी काहींना भावाच्या त्वचेतली प्रथिनं परकी वाटली आणि त्या तुटून पडल्या. एचएलए, म्हणजे दाता जुळवताना पाहतात ती पेशींवरची ओळखीची प्रथिनं, पूर्ण जुळलं तरी इतर बारीकसारीक फरक दोन भावंडांत असतातच. यालाच जीव्हीएचडी म्हणतात आणि त्यात कोऱ्या पेशींचा वाटा मोठा असतो. आता देऊ म्हणताहेत त्या पेशी चाळून घेतलेल्या आहेत. दात्याच्या रक्तात सीएमव्हीच्या प्रथिनांचे तुकडे घालतात. ज्या पेशी त्यांना पाहून खवळतात, त्यांनाच प्रयोगशाळेत वाढवतात. किंवा त्या खवळताना इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतात, त्याला चुंबकी कण चिकटवून तेवढ्याच बाजूला ओढून घेतात. बाकीच्या मागे राहतात किंवा वाढीच्या दिवसांत मरून जातात. उरतात त्या एकच काम शिकलेल्या पेशी. म्हणून जुळणी अर्धी असूनही त्यांच्याकडून जीव्हीएचडी होण्याचा धोका तुमच्या सरसकट पेशींपेक्षा बराच कमी असतो.

ही नुसती आशा नाही. 2013 साली ह्यूस्टनच्या बेलर महाविद्यालयाच्या गटाने बाहेरच्या दात्यांच्या पेशी दिलेल्या 50 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधांना दाद न देणारा सीएमव्ही, एप्स्टाइन-बार किंवा ॲडिनोव्हायरस असलेले हे सगळे रुग्ण होते. 32 तऱ्हेच्या पेशींची एक पेढी केली होती. त्यातल्या 18 तऱ्हांवर या सगळ्यांचं भागलं. सहा आठवड्यांत 74 टक्के रुग्णांचा विषाणू पूर्ण किंवा बराचसा हटला. नव्याने जीव्हीएचडी झाला तो फक्त दोघांना, तोही सौम्य.

आता दुसरी बाजू. त्या अभ्यासात पेशी न दिलेल्या रुग्णांचा तुलनेसाठी गट नव्हता. प्रत्यारोपणानंतर जसजसे दिवस जातात तसतशी स्वतःची प्रतिकारशक्तीही परतत असते, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं हे सांगणं कठीण होतं. पुढे सहा विषाणूंवर एकदम काम करणारं पोसोल्युसेल नावाचं पेशींचं औषध तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचण्यांत उतरलं. डिसेंबर 2023 मध्ये त्याच्या तिन्ही चाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण अपेक्षित फायदा सिद्ध होण्याची चिन्हं दिसेनात. थांबवण्यामागे सुरक्षिततेची तक्रार नव्हती. उलट डिसेंबर 2022 मध्ये टॅबेलेक्ल्युसेल या, बाहेरच्या दात्यांच्याच पेशींपासून केलेल्या औषधाला युरोपीय संघाने मंजुरी दिली. ते मात्र एप्स्टाइन-बारच्या लिम्फोमासाठी आहे, सीएमव्हीसाठी नाही. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. सही करायची वेळ येईल तेव्हा समोरची वस्तू काय आहे ते तुम्हाला माहीत असावं. हमखास गुण येईल असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, आणि हा आंधळा प्रयोग आहे असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. तीस वर्षांचा अनुभव आहे, धोका तुलनेने कमी आहे, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत दोन औषधं शरीराला सोसलेली नाहीत. माझ्या मते अशा रुग्णाने या पेशींचा विचार जरूर करावा.

मात्र डॉक्टरांशी बोलताना तीन-चार गोष्टी खोदून विचारा. पहिली सगळ्यांत महत्त्वाची आणि बहुतेक नातेवाईक ती चुकीच्या शब्दांत विचारतात. ‘किती जुळतं?’ असं विचारतात. सहापैकी तीन की चार, या आकड्यात सगळं सामावत नाही. टी पेशी विषाणूला नुसतं पाहू शकत नाही. विषाणूचा तुकडा आपल्या ओळखीच्या एचएलएच्या ताटलीत वाढलेला असेल तरच तिला तो दिसतो. हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात उंदरांवर काम करताना शोधून काढलं आणि त्यासाठी त्यांना 1996 चं नोबेल मिळालं. तुमच्या भावासाठी त्याचा अर्थ असा, की दात्याच्या पेशी ज्या एचएलएमधून सीएमव्ही ओळखतात, नेमकं तेच एचएलए भावाकडे असायला हवं. पाच गोष्टी जुळल्या आणि ही एक जुळली नाही, तर पेशी शेजारून निघून जातील. ही एकच जुळली तरी काम होऊ शकतं. म्हणून असं विचारा: ‘या पेशी कोणत्या एचएलएमधून सीएमव्ही मारतात ते तपासलं आहे का, आणि ते त्याच्यात आहे का?’

दुसरं, स्टेरॉइडचा आजचा डोस किलोमागे किती आहे? बऱ्याच अभ्यासांत प्रेडनिसोलोन दिवसाला किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त असेल तर रुग्णाला घेतच नव्हते, कारण दिलेल्या पेशी त्यात मरतात. त्याचा डोस त्याहून वर असेल तर तो उतरवता येतो का आणि पुरळाचं काय होईल, हा हिशेब डॉक्टरांना करू द्या. ताई, हे फार कळकळीने सांगते. पेशी लवकर मिळाव्यात म्हणून घरच्या घरी एक गोळी कमी करायला जाऊ नका. उसळलेला जीव्हीएचडी आवरायला पुन्हा जास्त स्टेरॉइड लागतं आणि पेशींची वेळ आणखी लांबते.

विषाणूच्या औषध-प्रतिकाराची चाचणी झाली आहे का, तेही विचारा. कधी विषाणूत बदल होऊन औषध लागू पडत नाही, तर कधी विषाणू तोच असतो पण राखण करणाऱ्या पेशीच नसतात. दोन्हींचे उपाय वेगळे. मॅरिबाव्हिर हे नवं औषध अशाच हट्टी सीएमव्हीसाठी आहे. तो पर्याय त्यांनी पाहिला असेल, पण कानावर घाला. टी पेशींचं बरं असं, की औषधाला चकवणारा विषाणूतला बदल त्यांना सहसा आडवा येत नाही, त्यांची मारण्याची रीतच वेगळी. आणि विषाणू फक्त रक्तात आहे की आतडी, फुप्फुसं, डोळे यांतही पोचला आहे, हेही कळायला हवं. डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा अंधुक दिसतंय असं तो म्हणाला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

प्रत्यक्ष दिवस अगदीच साधा असतो. एवढ्या चर्चेनंतर येते ती एक छोटी पिशवी किंवा नुसती सिरिंज, काही मिलिलिटरची. शिरेतून काही मिनिटांत आत जाते. मग तास-दोन तास ताप, दम, रक्तदाब बघत बसतात. ‘एवढंच?’ असं वाटतं. नंतरचे आठवडे मात्र अवघड जातात, कारण आकडा दुसऱ्या दिवशी उतरत नाही. या पेशींना आधी आत वाढावं लागतं. उतार दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, मध्ये आकडा थोडा वरही जातो. कधी पुन्हा डोस द्यावा लागतो. तोवर विषाणूचं औषध बहुधा चालूच ठेवतात, त्यावरून पेशी फुकट गेल्या असा अर्थ काढू नका. नवं पुरळ, पातळ जुलाब, डोळे पिवळे, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी कळवा. जुना जीव्हीएचडी पुन्हा डोकं वर काढण्याची शक्यता कमी असली तरी असतेच.

आणखी एक गोष्ट आईंना सांगा, कदाचित त्यांना ती माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त पटेल. त्या परक्याच्या पेशी मुक्कामाला येत नाहीत. मॅरो देणाऱ्याच्याच टी पेशी दिल्या तर त्या वर्षानुवर्षं टिकतात. एप्स्टाइन-बारसाठी दिलेल्या, खूण घातलेल्या अशा पेशी नऊ वर्षांनंतरही सापडल्या आहेत. बाहेरच्या दात्याच्या पेशी काही आठवडे, फार तर काही महिने राहतात. मग शरीर त्यांना परकं म्हणून बाहेर काढतं. आणि तुमच्या भावाच्या शरीरातली परकं-आपलं ठरवणारी यंत्रणा आज कुणाची आहे? तुमची. आतल्या नव्या पांढऱ्या पेशी तुमच्या मॅरोतून आलेल्या आहेत. त्याच पाहुण्यांना निरोप देणार आहेत आणि तोवर त्याच शिकणारही आहेत. विषाणू त्यांच्यासमोर आहे, तुकडे दिसताहेत, स्टेरॉइड उतरेल तसतशी त्यांची स्वतःची सीएमव्हीची स्मृती तयार होईल. निगेटिव्ह दात्याच्या पेशींना याला वेळ लागतो, पण त्या शिकतात. मधल्या काळापुरता कुणीतरी किल्ला लढवायला हवा आहे. ज्याला लढता येतं असा एक अनोळखी माणूस रक्त देऊन गेला आहे. तुम्हाला त्याचं नाव कधी कळणार नाही, त्यालाही तुमचं कळणार नाही.

तुमचं दान संपलेलं नाही, ताई. त्याच्या अंगात ते रोज नव्याने तयार होतं आहे. म्हणून तुमची एवढीच काळजी घ्या: तुम्हाला सर्दी-ताप असेल त्या दिवशी त्याच्याकडे जाऊ नका, आणि जाल तेव्हा हात धुऊन जा.

राहिला शेवटचा प्रश्न. त्याला सांगावं का? सांगा, आणि तुम्हीच सांगा. 24 वर्षांचा आहे, संमतीच्या कागदावर सही त्यालाच करायची आहे. त्यात ‘दाता निगेटिव्ह’ हे शब्द असणारच. ते त्याने एकट्याने वाचण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं. माफी मागायच्या सुरात सांगू नका, नाहीतर तो आजार बाजूला ठेवून तुमची समजूत काढत बसेल, आणि सध्या तेवढी ताकद त्याच्याकडे नाही. शेजारी बसा आणि म्हणा, ‘मला सीएमव्ही कधी झालाच नव्हता, म्हणून माझ्या पेशींना तो ओळखता येत नाही. ज्याला झाला होता त्याच्या पेशी काही दिवस उसन्या घेऊ.’ मग तो काय विचारतो ते ऐका.